गुणपत्रकं आधी, ढाली नंतर : एका खो-खो मंडळाच्या दप्तराचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी खो-खोचं एक जुनं मंडळ आहे. गावाचं, मंडळाचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते सुरू झालं. शाळेमागची मोकळी जागा, दोन लाकडी खुंट, पाणी मारून बसवलेली माती आणि शिकवायला एक शाळामास्तर, एवढ्यावर ते उभं राहिलं. पुढे रीतसर नोंदणी झाली, पत्र्याच्या छपराची दोन खोल्यांची कचेरी झाली आणि त्या कचेरीत दर वर्षीचं सामान साचत गेलं.

काचेच्या कपाटात ढाली आणि चषक होते. भिंतीवर संघांचे फ्रेम केलेले फोटो. लोखंडी ट्रंकेत इतिवृत्ताच्या वह्या, जमाखर्चाची पुस्तकं, व्हाउचरच्या फायली. माळ्यावर दोन गोण्या, त्यात सुतळीने बांधलेले गुणपत्रकांचे, म्हणजे सामन्यांच्या गुणनोंदींच्या कागदांचे, गठ्ठे. कपाटाच्या खालच्या कप्प्यात व्हीएचएस कॅसेटी, चिकट पानांचे अल्बम आणि निकाल कळवणारे जुने फॅक्स. फॅक्सवरची अक्षरं जवळजवळ उडाली होती. तो कागद उष्णतेने काळा होणारा असतो आणि त्यावरचा मजकूर वर्षागणिक फिका पडत जातो.

खो-खोचा मोठा इतिहास ठाऊक आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खेळाला नियमांची चौकट दिली, १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाची नियमपुस्तिका निघाली, १९५९-६० ला विजयवाड्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि पुढच्याच वर्षी कोल्हापुरात महिलांची. एवढं कुठल्याही पुस्तकात सापडतं. पण तालुक्याच्या मैदानावर कोण पळालं, कुणी कुणाला बाद केलं, कुठल्या गावचा संघ कशासाठी गाजला, हे फक्त अशा कचेऱ्यांच्या माळ्यावर असतं. त्याची दुसरी प्रत नसते.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. गावात मिरवणूक निघाली, मैदानावर पोरांची गर्दी वाढली आणि मंडळाला नव्या सभागृहासाठी देणगीदार मिळाला. जुनी कचेरी पाडायचं ठरलं. हे प्रकरण तिथून सुरू होतं.

अडचण

कार्यकारिणीने पाडकामाआधी सामानाची यादी केली. यादीला आधार म्हणून हाताशी होती ती जडसंग्रह नोंदवही, म्हणजे मंडळाच्या टिकाऊ वस्तूंची वही. त्या वहीत ढाली होत्या, चषक होते, सतरंज्या होत्या, खुर्च्या होत्या. गुणपत्रकं नव्हती, फोटो नव्हते, कॅसेटी नव्हत्या, कारण त्या कुणी ‘वस्तू’ म्हणून विकत घेतल्याच नव्हत्या. वहीत जे नाही ते रद्दी, असा सरळ हिशोब झाला. काळवंडलेले चषक निर्लेखनाला घालायचे, म्हणजे वहीतून कमी करून टाकून द्यायचे, चांगल्या ढाली पॉलिश करून नव्या सभागृहात लावायच्या आणि गोण्या रद्दीवाल्याला द्यायच्या, असा ठरावाचा मसुदा तयार झाला. सूचक-अनुमोदकही ठरले होते. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. या मंडळींनी आयुष्याच्या संध्याकाळी मैदानासाठी घालवल्या आहेत. पण मंडळाचा वारसा कशात आहे, हा प्रश्न त्यांना तोवर कुणी विचारला नव्हता.

ठराव मंजूर होण्याआधी पावसाळा आला. पत्रा गळला. माळ्यावरची खालची गोणी किती दिवस भिजत होती ते कुणालाच सांगता आलं नाही. कुबट वास आला म्हणून एका माजी खेळाडूने ती खाली काढली, वरचा गठ्ठा सोडला आणि पहिल्याच कागदावर त्याला त्याच्या वडिलांचं नाव दिसलं. नावापुढे पळतीची वेळ होती, मिनिटं आणि सेकंद. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याने अध्यक्षांना फोन केला, “अण्णा, ही रद्दी नाही. आज कुणाला हात लावू देऊ नका.”

मी या कामात कागदपत्रांच्या जतनापुरती मदत करायला त्यानंतरच्या आठवड्यात गेलो.

गुणपत्रक म्हणजे काय, हे खो-खो न खेळलेल्यांसाठी सांगायला हवं. संरक्षक तिघा-तिघांच्या तुकडीने मैदानात येतात. गुणलेखक प्रत्येकाचा क्रम, तो किती वेळ टिकला, त्याला कोणत्या आक्रमकाने बाद केलं, हे त्या-त्या क्षणी लिहितो. कसलेला गुणलेखक गडी कसा बाद झाला याचीही खूण करतो: सूर मारून, की खुंटावर. म्हणजे ४० वर्षांपूर्वीचा सामना कागदावरून जवळजवळ पुन्हा पाहता येतो. कुठल्या तुकडीने डाव धरून ठेवला, कुठल्या मिनिटाला पडझड झाली, सारं त्यात असतं. संघाच्या फोटोत हाताची घडी घालून उभी असलेली मुलं दिसतात आणि ढालीवर वर्ष दिसतं. खेळ मात्र गुणपत्रकातच उरलेला असतो.

पहिला निर्णय : आधी काय वाचवायचं

वेळ, जागा आणि माणसं, तिन्ही थोडी होती. कार्यकारिणीतल्या बहुतेकांचं मत होतं की ढाली आधी सुरक्षित ठिकाणी हलवाव्यात. त्या मौल्यवान दिसतात आणि चोरीची भीती असते. दुसरं मत होतं की फोटो आधी, कारण लोकांना तेच बघायचे असतात. माझा आग्रह ओल्या कागदांचा होता. धातूची ढाल आणखी सहा महिने कोपऱ्यात पडली तरी फार तर काळी पडेल. ओल्या कागदाला साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते, आणि हे गठ्ठे त्याहून कितीतरी जास्त काळ भिजलेले होते. वस्तू किती झळकते त्यावर क्रम लावायचा नाही. ती किती लवकर नष्ट होईल, आणि नष्ट झाली तर तिची दुसरी प्रत कुठे मिळेल का, एवढ्या दोनच गोष्टी पाहायच्या. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मी हाच मानतो.

सगळे गठ्ठे एकदम वाळवायला जागा नव्हती. उन्हात टाकावेत असं कुणीतरी सुचवलं. पण उन्हाने कागद आक्रसतो आणि शाई उडते. बुरशी थांबवायचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे गोठवणं. त्याने कागद बरा होत नाही, पण नासाडी जिथल्या तिथे थांबते आणि वेळ मिळतो. एका माजी खेळाडूच्या दूध डेअरीत डीप फ्रीझर होता. गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, प्रत्येकावर क्रमांक घालून त्यात ठेवले. मग एकेक गठ्ठा बाहेर काढून, कागद ओढाताण न करता सुटे करून, मध्ये टीपकागद घालून पंख्याखाली वाळवला. हे काम शाळेच्या एका वर्गात शनिवार-रविवारी चाललं. मुखपट्टी आणि हातमोजे सक्तीचे होते, कारण बुरशीची धूळ छातीत जाते.

एक नुकसान मात्र फ्रीझर येण्याआधीच झालं होतं. उत्साही मुलांनी कोरडी असलेली वरची गोणी रिकामी करून गुणपत्रकं वर्षवार लावायला घेतली. दिसायला काम नीटनेटकं झालं. पण मूळ गठ्ठे स्पर्धेप्रमाणे बांधलेले होते, आणि ज्या पत्रकांवर तारीख नव्हती त्यांची स्पर्धा फक्त शेजारच्या कागदांवरून कळत होती. सुतळी सुटली आणि तो दुवा तुटला. काही पत्रकांचा काळ पुढे गुण देण्याची रीत आणि छापील नमुना पाहून जुन्या नियमपुस्तिकांशी ताडून लावता आला. सगळ्यांचा लागला नाही.

दुसरा निर्णय : काय करायचं नाही

प्रमाणपत्रं लॅमिनेट करावीत असा प्रस्ताव तीन वेळा आला, आणि दर वेळी चांगल्या मनाने आला. आपल्याकडे महत्त्वाचा कागद म्हटलं की लॅमिनेशन हे इतकं रुजलं आहे की त्याला नाही म्हणणं म्हणजे हलगर्जीपणा वाटतो. पण त्यात कागद उष्णता आणि डिंकासकट प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद होतो. आतली ओल आणि आम्ल आतच राहतं आणि तो पुन्हा सोडवता येत नाही. त्याऐवजी साध्या पॉलिएस्टरच्या पाकिटात कागद सुटा ठेवला. सेलोटेपला पूर्ण बंदी केली.

ढालींच्या पॉलिशवर जास्त वाद झाला. बऱ्याच ढाली आणि चषक चांदीचा मुलामा दिलेले होते. दर पॉलिशला मुलाम्याचा थोडा थर आणि कोरलेल्या अक्षरांची थोडी धार जाते. एका फिरत्या ढालीवरची सुरुवातीच्या विजेत्यांची नावं अशाच दरवर्षीच्या पॉलिशने बोटाला लागतील एवढीच उरली होती. तिचा तिरप्या उजेडात फोटो घेऊन नावं वाचली. मग मऊ कापडाने पुसण्यापलीकडे काही करायचं नाही असं ठरलं. एका ज्येष्ठ सभासदांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. नव्या सभागृहात काळ्या ढाली लावणं त्यांना अपमान वाटत होता. मला त्यांचं दुःख समजतं. त्यांच्या तरुणपणी ती ढाल जिंकली तेव्हा ती लखलखत होती.

कॅसेटींबद्दल थोडक्यात. व्हीसीआर आता बनत नाहीत. शेवटच्या उत्पादक कंपनीने जुलै २०१६ मध्ये ते थांबवले. गावातल्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे चालू यंत्र होतं. स्वच्छ कॅसेटी त्याने संगणकावर उतरवून दिल्या. ज्यांच्या फितीवर पांढरी बुरशी दिसत होती त्या चालवू दिल्या नाहीत, कारण तशी फीत फाटते आणि यंत्रही खराब करते. त्या वेगळ्या बांधून शहरातल्या जाणकाराकडे पाठवायचं ठरलं. ‘अंतिम सामना’ असं लिहिलेल्या एका कॅसेटमध्ये सामन्यावर दुसरंच काही रेकॉर्ड केलेलं निघालं. तो सामना गेला.

तिसरा निर्णय : ठेवायचं कुठे, आणि कुणाच्या नावावर

चार पर्याय होते. एका निष्ठावान कार्यकर्त्याच्या घरी. शहरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. भविष्यात होईल म्हणून सांगितलं जाणाऱ्या एका सरकारी क्रीडा संग्रहालयात. किंवा मंडळाच्याच नव्या सभागृहात.

घरी ठेवण्यात जिव्हाळा आहे, पण त्या कार्यकर्त्यानंतर काय, याचं उत्तर नाही. नियोजित संग्रहालयाचा मोह मोठा होता. त्या बैठकीत बलबीर सिंग सीनियर यांची हकिगत निघाली. १९४८, १९५२ आणि १९५६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेल्या या हॉकीपटूने १९८५ मध्ये नियोजित क्रीडा संग्रहालयासाठी आपली ३६ पदकं, मेलबर्न ऑलिंपिकचा ब्लेझर आणि शंभरावर छायाचित्रं भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे सोपवली होती. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या निमित्ताने विचारणा झाली तेव्हा तो ठेवा सापडेना. कुटुंबाने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मे २०२० मध्ये ते वारले. एवढ्या मोठ्या खेळाडूच्या बाबतीत असं होतं, तर तालुक्याच्या गोणीचं काय, हा प्रश्न बैठकीत कुणी मोठ्याने विचारला नाही, पण मत त्यानंतर फिरलं. तयार असलेल्या जागेलाच वस्तू द्यायची, आणि लेखी पोच घेतल्याशिवाय काहीही हलवायचं नाही, हे दोन नियम तिथे ठरले.

शेवटी निवडलेला मार्ग मधला होता. गावातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात एक कोरडी खोली आणि पगारी ग्रंथपाल होता. मूळ कागद मंडळाच्या मालकीचे राहून वाचनालयात ठेव म्हणून ठेवले. करारात यादी, प्रत्येक वस्तूचा क्रमांक, कुणाला काय दाखवायचं, आणि वाचनालय बंद पडलं किंवा मंडळ विसर्जित झालं तर वस्तू कुणाकडे जातील, हे लिहिलं. स्कॅनच्या तीन प्रती केल्या: एक वाचनालयात, एक मंडळाकडे, एक गावाबाहेर राहणाऱ्या माजी खेळाडूकडे. फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) टिफ या सगळा तपशील राखणाऱ्या फाइलप्रकारात, आणि दाखवायला त्यांच्या हलक्या जेपेग प्रती.

महाविद्यालयाकडे यंत्रसामग्री जास्त चांगली होती, हे मान्य करायला हवं. पण ते ३५ किलोमीटरवर होतं. ज्यांना हे कागद पाहून काही आठवणार होतं ती माणसं गावातच होती, आणि त्यातल्या अनेकांना एसटीचा प्रवास झेपणारा नव्हता. वारसा ज्यांचा, त्यांच्या चालत जाण्याच्या अंतरावर तो असावा, हे मला आजही योग्य वाटतं.

चषकांचा प्रश्न वेगळा होता. सगळे ठेवायला जागाच नव्हती. प्रत्येकाचा फोटो आणि कोरीव मजकूर नोंदवून निवडक ठेवायचे, उरलेले त्या-त्या संघातल्या खेळाडूंच्या घरी द्यायचे आणि मगच शिल्लक निर्लेखनाला घालायची, असं ठरलं. निर्णय चांगला होता, अंमल घाईचा झाला. घरोघरी विचारण्याआधी निर्लेखनाची यादी फलकावर लागली. एका घराला आपल्या दिवंगत भावाच्या संघाचा चषक त्या यादीत वाचावा लागला. चषक नंतर सन्मानाने त्यांच्या घरी पोचला, पण तो आधी पोचायला हवा होता.

चौथा निर्णय : मुलींचा संघ कुठे आहे?

कागद वाळत असताना एक गोष्ट डोळ्यांवर आली. एका काळातल्या जवळपास निम्म्या गुणपत्रकांवर मुलींची नावं होती. मंडळाचा महिला संघ दहा-बारा वर्षं जिल्ह्यात दबदबा राखून होता, हे आकडेच सांगत होते. पण भिंतीवर त्यांचा एकच फोटो, तोही नावांशिवाय. इतिवृत्तात दर वर्षी एकच वाक्य: “मुलींचा संघ पाठविण्यात आला.” ढालींच्या कपाटात त्यांचं काहीच नव्हतं, त्यांना बक्षीस म्हणून बहुतेक वेळा स्टीलची भांडी मिळाली होती आणि ती घरोघरी वापरात गेली.

काहींचं म्हणणं होतं की आहे ते नीट ठेवू, मुलाखतींचं काम नंतर बघू. याला माझा विरोध होता. त्या खेळाडूंपैकी बहुतेक आता सत्तरीच्या पुढे होत्या. कागद फ्रीझरमध्ये थांबू शकतो, माणूस थांबत नाही. इथेही क्रमाची तीच कसोटी लागू होती.

अडचण नावांची होती. पत्रकांवर माहेरची नावं, आणि लग्नानंतर नाव-आडनाव दोन्ही बदललेली. शाळेच्या हजेरीपटावरून काही घरं लागली, पण खरं काम केलं ते एका निवृत्त शिक्षिकेने. त्यांनी तो बिननावाचा फोटो जुन्या विद्यार्थिनींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि दोन दिवसांत ओळी येऊ लागल्या. “खाली बसलेली उजवीकडची मी.” “मधली आमची कॅप्टन, ती आता सांगलीला असते.”

मुलाखती त्यांच्या घरी घेतल्या, आणि घेताना गुणपत्रकाची प्रत हातात दिली. या एका गोष्टीने सगळं बदललं. नुसतं “तुमच्या आठवणी सांगा” म्हटलं की ठरावीक उत्तरं येतात: सर कडक होते, घरून विरोध होता, दिवस छान होते. पत्रक समोर ठेवलं की बाई आधी स्वतःचं नाव शोधते, मग वेळ वाचते, मग बोट खाली सरकतं आणि ती म्हणते, “हिला इथे लवकर बाद केलं ना, म्हणून मला लांबवावं लागलं.” पुढचा अर्धा तास प्रश्न विचारावे लागत नाहीत. एका ताईंना पक्कं आठवत होतं की त्या एका सामन्यात शेवटपर्यंत नाबाद राहिल्या. पत्रक त्यांना शेवटच्या मिनिटात बाद दाखवत होतं. त्या म्हणाल्या, “पंचांनी बाद दिलं होतं. मी नव्हते.” नोंदीत दोन्ही ठेवलं, पत्रक काय म्हणतं ते आणि ताई काय म्हणतात ते. कोण बरोबर, हे ठरवणं आमचं काम नव्हतं.

बोलता बोलता आणखी एक लक्षात आलं. त्या ज्याबद्दल सर्वांत उत्साहाने सांगत होत्या ते शब्दांत मावत नव्हतं. खो-खोत आक्रमकाने एकदा दिशा घेतली की खुंटाला वळसा घातल्याशिवाय त्याला उलटं फिरता येत नाही. पळणाऱ्याची सारी कला त्याला चुकीच्या दिशेला बांधून टाकण्यात आहे. बसलेल्या गड्याच्या पाठीशी श्वासभर थांबायचं, खांदा एकीकडे टाकायचा, पाय दुसरीकडे. या ताई अनवाणी मातीवर खेळल्या. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात, पायात बूट असतात. पाऊल टाकायची आणि थांबायची रीतच बदलली. ती जुनी रीत कुठल्याही पत्रकात नाही, कुठल्याही कॅसेटमध्ये नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत दोघी ताईंना मैदानावर आणलं. धावायचं नाही, हे त्यांच्या घरच्यांना आणि डॉक्टरांना कबूल केलं होतं. त्यांनी चालत दाखवायचं आणि सध्याच्या संघातल्या मुलींनी मातीवर ते पळून बघायचं. एक कॅमेरा मैदानाच्या कडेला, दुसरा शाळेच्या गच्चीवर. गच्चीवरचा महत्त्वाचा, कारण बसलेल्या गड्यांमधून जाणाऱ्या साखळी पळतीची नागमोडी रेघ वरूनच दिसते. ताईंच्या गळ्याशी छोटा माइक लावला होता. मुलगी चुकली की त्या थांबवत: “अगं, आधी त्याला जाऊ दे. तू घाई केलीस म्हणून तो थांबला.” आजच्या प्रशिक्षकांनी त्यातल्या दोन गोष्टी सरावात घेतल्या. माझ्या दृष्टीने जतनाच्या सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा भाग होता, आणि तो सुरुवातीच्या कुठल्याही आराखड्यात नव्हता.

पाचवा निर्णय : दाखवायचं कसं आणि किती

मंडळाच्या हिवाळी स्पर्धेत मैदानाच्या कडेलाच प्रदर्शन लावलं. सभागृहात नको, कारण सभागृहात निमंत्रित येतात, मैदानावर सगळे. मोठे केलेले फोटो, प्रत्येकाखाली आकृतीत चेहऱ्यांना क्रमांक, आणि शेजारी वही: कोण ओळखता येतं ते लिहा, स्वतःचं नावही लिहा. बरीच नावं तिथे मिळाली. एका चेहऱ्यावर दोन घरांनी हक्क सांगितला. दोन्ही नावं सांगणाऱ्याच्या नावासकट नोंदली.

फोटो इंटरनेटवर टाकण्याआधी हक्काचा प्रश्न आला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. इथे रद्दीत जाऊ घातलेल्या व्हाउचरच्या फायली उपयोगी पडल्या. “संघाचा फोटो, स्टुडिओस अदा” अशी नोंद ज्या-ज्या वर्षी सापडली, त्या वर्षीच्या फोटोंबद्दल मंडळाला खात्रीने बोलता आलं. वृत्तपत्रांची कात्रणं मात्र स्कॅन करून फक्त वाचनालयात ठेवली. बाहेर दिली ती दैनिकाचं नाव आणि तारखेची यादी.

विकिमीडिया कॉमन्स या इंटरनेटवरच्या खुल्या चित्रसंग्रहात सगळं टाकावं असा तरुणांचा आग्रह होता. तिथे टाकलेलं छायाचित्र कुणालाही, व्यापारी कामालाही वापरता येतं. संघाच्या औपचारिक फोटोंना कार्यकारिणीने होकार दिला, सरावाच्या आणि घरगुती फोटोंना नकार. काही तरुण नाराज झाले. मला नकार रास्त वाटला. त्या फोटोंतल्या बायकांनी तेव्हा गावासमोर अर्ध्या चड्डीत उभं राहण्यासाठी किती ऐकून घेतलं, हे मुलाखतींत आलं होतं. आता त्या फोटोंचं काय करायचं हे त्यांनी ठरवावं. दोघींनी पुढे स्वतःहून परवानगी दिली.

खेळाडूंच्या प्रवेशिका, जन्मदाखले आणि वैद्यकीय कागद वेगळ्या बंद पेटीत गेले. ते स्कॅन केले नाहीत.

काय झालं

खालच्या गोणीतले तळाचे गठ्ठे लगद्यासारखे चिकटले होते, ते वाचले नाहीत. वरचे बहुतेक वाचले. महिला संघाच्या खेळाडूंचा मंडळाने सत्कार केला आणि नव्या सभागृहात त्यांचा फोटो नावांसकट लागला. निर्लेखनाचा मूळ ठराव मागे घेतला गेला आणि जडसंग्रह नोंदवहीत ‘दप्तर’ असं नवं सदर आलं. त्यामुळे पुढच्या कार्यकारिणीला गुणपत्रक टाकायचं झालं तर आधी ठराव करावा लागेल. कागदावरची ही छोटी दुरुस्ती मला सगळ्यात टिकाऊ वाटते. शेजारच्या दोन मंडळांनी आपले माळे उघडून पाहिले. एका ठिकाणी वाळवीने आधीच काम उरकलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पाडकामाचं ठरलं त्याच दिवशी, म्हणजे पावसाच्या चार महिने आधी, माळ्यावर चढून मोबाइलवर प्रत्येक गठ्ठ्याचा फोटो काढला असता तर मूळ क्रम टिकला असता आणि गळतीही दिसली असती. त्याला पैसा लागत नाही, एक दुपार लागते.

मुलाखतींची सुरुवात गुणलेखकांपासून व्हायला हवी होती. दीर्घकाळ गुणलेखन केलेले एक काका वाळवणी सुरू असतानाच वारले. त्यांच्या पत्रकांवरच्या काही खुणा त्यांच्या स्वतःच्या होत्या आणि त्यांचा अर्थ आता कुणालाच लागत नाही. खेळाडूंकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, लिहिणाऱ्याकडे गेलं नाही.

आणि आजची गुणपत्रकं? ती आता अनेकदा संगणकावर भरली जातात, निकाल व्हॉट्सॲपवर फिरतो आणि फोन बदलला की जातो. मंडळाने या हंगामापासून प्रत्येक सामन्याच्या पत्रकाची छापील, सही केलेली प्रत वाचनालयात पाठवायचं ठरवलं आहे. पहिल्या स्पर्धेची पोचली, दुसरीची मागावी लागली. बुरशीच्या कॅसेटी अजून शहरात आहेत, आणि पुरुष संघातल्या ज्येष्ठांच्या मुलाखती निम्म्या बाकी आहेत.